गोऱ्ह्याच्या शुक्रजनक मूळपेशी प्रयोगशाळेत दोन महिने: पुलमनमधलं फीडर थराचं प्रकरण

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या जॉन ओटली यांच्या गटाने २०१६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. वयात न आलेल्या गोऱ्ह्याच्या वृषणातून प्रारंभिक जननपेशी (यांतल्याच थोड्या शुक्रजनक मूळपेशी, म्हणजे स्वतःची संख्या राखत पुढे शुक्राणू देणाऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या आणि त्या गायीच्याच गर्भाच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या, पेशींच्या थरावर किमान दोन महिने जगवायच्या. हा खालचा, पोसणारा थर म्हणजे फीडर थर. दुसरा पर्याय असा की थर अजिबात ठेवायचा नाही. त्या फायब्रोब्लास्टखालून काढलेलं, त्यांनी ‘वापरलेलं’ माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, द्यायचं. त्यात पेशी किमान एक महिना टिकल्या.

दोन महिने हा आकडा किरकोळ वाटेल. उंदरात जपानच्या कानात्सु-शिनोहारा आणि शिनोहारा यांच्या गटाने २००३ सालीच पाच महिन्यांत या पेशी दहाच्या बाराव्या घाताहून अधिक पट वाढवून दाखवल्या होत्या. मग गोऱ्ह्यासाठी आणखी तेरा वर्षं का लागली? गोऱ्ह्याच्या पेशींवर त्याआधी काम झालंच नव्हतं असं नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा गट २००३ पासून वासरांच्या पेशी वाढवत होता, आणि जीडीएनएफ हे वाढघटक प्रथिन दिलं की वसाहती वाढतात हेही त्यांनी २००८ मध्ये मांडलं होतं. अडचण होती ती थोड्या मूळपेशी, भरमसाट इतर पेशी आणि उंदरासाठी लिहिलेली पाककृती या तिन्हींच्या गाठीत.

मुळात या पेशी बाहेर वाढवायच्या कशाला? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की एका उंदराच्या वृषणातल्या पेशी दुसऱ्या, रिकाम्या केलेल्या वृषणात सोडल्या तर त्या तिथे घर करतात आणि दात्याचे शुक्राणू तयार होतात. जनावरांत हे साधलं तर सिद्ध वळूच्या मूळपेशी साध्या वळूंत रुजवता येतील आणि माळावर नैसर्गिक रेतन करणारा वळूही सिद्ध वळूचंच बीज देईल. आपल्याकडे गायींना गावोगाव रेतमात्रा मिळते, त्यामुळे गायीसाठी याची निकड कमी. शेळीची गोष्ट वेगळी. शेळीत कृत्रिम रेतन गायीइतकं रुळलेलं नाही, कळपात बोकडच फिरतो. उस्मानाबादी कळपाचा विचार करणाऱ्याने हे प्रकरण वळूपेक्षा बोकडाच्या नजरेनेच वाचावं.

आता संख्या. प्रौढ उंदराच्या वृषणातल्या जननपेशींपैकी खऱ्या मूळपेशी सुमारे ०.०३ टक्के, म्हणजे तीन-साडेतीन हजारांत एक. वळूचं वृषण उंदराच्या कित्येक पट मोठं असल्याने ते भरायला पेशीही त्याच प्रमाणात लागतात. पेशी दर सहा दिवसांनी दुप्पट होत असतील तर साठ दिवसांत दहा दुपटी, म्हणजे १,०२४ पट. दर दहा दिवसांनी दुप्पट झाल्या तर सहाच दुपटी, ६४ पट. त्यातही प्रत्येक विभाजनातून दोन्ही लेकी मूळपेशीच राहतील याची खात्री नाही. म्हणून ‘दोन महिने जगल्या’ आणि ‘दोन महिने वाढल्या’ यांत फरक करावा लागतो. पुलमनचं यश मुख्यत: पहिल्या प्रकारचं आहे. ही पद्धत सुधारली तर पुढे मोठ्या वाढीचा पाया होऊ शकते, एवढाच त्या गटाचा दावा आहे आणि तो प्रामाणिक आहे.

ऊतीपासून पेशीपर्यंत

पुढचे आकडे या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे आहेत. प्रत्येक प्रयोगशाळा त्यात आपापला फेरफार करते.

वय पहिलं. कोवळ्या गोऱ्ह्याच्या वृषणात नलिका अजून भरीव दोरीसारख्या असतात. आत सर्टोली पेशी (जननपेशींना पोसणाऱ्या) आणि प्रारंभिक जननपेशी एवढंच असतं. मिऑसिसमध्ये (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात) गेलेल्या पेशी किंवा शुक्राणू नसतात. वय वाढलं की या पुढच्या पेशींची गर्दी होते आणि हव्या त्या पेशींचं प्रमाण घसरतं. मात्र फार लहान वासरात जननपेशी अजून गोनोसाइट अवस्थेत, नलिकेच्या मध्यभागी असतात आणि पुष्कळशा मूळपेशी म्हणून स्थिरावलेल्या नसतात. प्रौढ वळूचं वृषण हाती आलं म्हणून त्यावर आठवडाभर राबणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

वृषण काढल्याबरोबर प्रतिजैविक घातलेल्या थंड द्रावणात ठेवायचं (पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि.) आणि बर्फात आणायचं. वरून ७० टक्के अल्कोहोलने पुसून, पांढरं जाड आवरण सोलून, आतला गर कात्रीने एक-दोन मि.मी.पर्यंत बारीक करायचा. मधला तंतुमय भाग टाकून द्यायचा, कारण तिथे नलिका कमी आणि फायब्रोब्लास्ट जास्त.

पचन दोन टप्प्यांत होतं आणि निम्मा निकाल इथेच ठरतो. आधी कोलॅजिनेज हे ऊतीतलं कोलॅजेन तोडणारं विकर, १ ते २ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., ३७ अंश सेल्सिअसला, हलवत २० ते ३० मिनिटं. याने नलिकांच्या मधली ऊती सुटते. मग नळी सरळ उभी ठेवायची. नलिकांचे तुकडे जड असल्याने पाच-दहा मिनिटांत तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी, म्हणजे लेडिग पेशी (नलिकांच्या मधल्या, संप्रेरक बनवणाऱ्या), रक्तपेशी आणि मोकळे फायब्रोब्लास्ट, ओतून टाकायचं. हे तीनदा करायचं. घाईत इथे सेंट्रिफ्यूज लावलं की नको ते सगळं नलिकांबरोबर तळाशी येतं आणि दोन आठवड्यांनी त्याची किंमत मोजावी लागते.

दुसऱ्या टप्प्यात पेशी एकमेकींपासून सोडवणारं ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, सोबत डीएनए तोडणारं डीएनेज, पाचेक मिनिटं. डीएनेज टाळू नये. फुटलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए चिकट शेंबडासारखा होतो, त्यात पेशींचे गोळे अडकतात आणि पिपेट चोंदतं. द्रावण तार धरायला लागलं तर ट्रिप्सिन वाढवायचं नाही, डीएनेज वाढवायचं. सीरमने, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाने, ट्रिप्सिन थांबवून आधी ७० आणि मग ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळायचं.

गाळलेल्या पेशींत बहुतांश सर्टोली असतात. त्यांना वेगळं करण्याचे मार्ग थोडे गमतीशीर आहेत. धोत्र्याच्या बियांतून मिळणारं एक लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) प्लेटला लावलं (५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि.) की सर्टोली पेशी त्याला घट्ट चिकटतात आणि जननपेशी तरंगत राहतात. ओळख पटवायला दुसरं लेक्टिन लागतं ते कुळथाचं. गोऱ्ह्याच्या आणि डुकराच्या प्रारंभिक जननपेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेला ते धरतं. पिठलं आणि माडग्यासाठी माहीत असलेला कुळीथ आणि शंकराला वाहायचा धोत्रा एकाच बाकावर येतात, हे या विषयातलं एक सुख.

साधा मार्गही आहे: जिलेटिन लावलेल्या प्लेटवर काही तास किंवा रात्रभर ठेवायचं. शारीर पेशी, म्हणजे जननपेशी सोडून बाकीच्या, लवकर चिकटतात, जननपेशी सैल राहतात, त्या हळूच उचलून घ्यायच्या. उंदरात परकॉल या घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवाच्या ३० टक्के द्रावणावर पेशी पसरवून सेंट्रिफ्यूजने जननपेशींचा गाळ मिळवतात. उंदरात लोकप्रिय असलेली थाय-१ या पेशीपृष्ठावरच्या चिन्हाला धरणाऱ्या प्रतिपिंडाची चुंबकी निवड मात्र जनावरांत जपून वापरावी. हे चिन्ह फायब्रोब्लास्टवरही असतं, त्यामुळे ज्यांना हाकलायचं त्यांनाच आपण आमंत्रण देतो.

माध्यम, आणि मग थर

माध्यमाची मूळ रचना उंदरासाठी कुबोता आणि ब्रिन्स्टर यांनी २००४ मध्ये बसवली. ते सीरमविरहित आहे: एमईएम-अल्फा, ०.२ टक्के बोवाइन अल्ब्युमिन, इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, प्युट्रेसिन, ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल, आणि वर वाढघटक: जीडीएनएफ २० नॅनोग्रॅम प्रति मि.लि., सोबत त्याचा विरघळणारा ग्राहक आणि १ नॅनोग्रॅम बेसिक एफजीएफ. शरीरात जीडीएनएफ मुख्यत: सर्टोली पेशी देतात. तो मूळपेशींना ‘थांबा, पुढे जाऊ नका’ असं सांगतो. २००० साली उंदराच्या वृषणात तो गरजेपेक्षा जास्त निर्माण करून पाहिला तेव्हा प्रारंभिक पेशींचे ढीग साचले आणि शुक्राणू बनणं खुंटलं.

सीरम का नको याची दोन कारणं. त्यातले रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाची रूपं) पेशींना परिपक्वतेकडे ढकलतात. दुसरं कारण जनावरांच्या कल्चरमध्ये जास्त भारी पडतं: सीरम फायब्रोब्लास्टचं आवडतं खाद्य आहे.

आता प्रकरणाचा गाभा. उंदराच्या पेशी ज्या थरावर वाढतात तो उंदराच्याच फायब्रोब्लास्टचा असतो, बहुतेकदा स्टो नावाची तयार पेशीमालिका. गोऱ्ह्याच्या पेशी यावर ठेवल्या की साधारणपणे दिसणारं चित्र असं. पहिले तीन-चार दिवस छान: गोल, चकचकीत पेशी जोड्यांनी, छोट्या साखळ्यांनी चिकटतात. आठवड्याने लहान पुंजके. दुसऱ्या आठवड्यात पुंजक्यांच्या कडेने चपट्या, लांबट पेशी पसरतात. पहिल्या पॅसेजला, म्हणजे पेशी नव्या प्लेटवर हलवताना, पुंजके निम्मे, तिसऱ्याला शोधावे लागतात, आणि प्लेट मात्र भरलेली. मोजणीत पेशी ‘वाढल्या’ असं दिसतं. जे वाढलं ते फायब्रोब्लास्ट आणि नलिकेभोवतीच्या स्नायूसदृश पेशी.

असं झालं की साधारणपणे दोष जीडीएनएफच्या मात्रेला दिला जातो आणि मात्रा दुप्पट केली जाते. पुलमनच्या गटाने थराकडे पाहिलं. फीडर पेशी फक्त सतरंजी नसतात. त्या स्वतः वाढघटक, आधारद्रव्यं आणि माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी माध्यमात सोडतात. जीडीएनएफ आपण बाहेरून देतो, तो एका प्रजातीचा दुसरीत चालतो. पण थरातून येणारं बाकीचं सगळं उंदराचंच असतं. गायीच्या गर्भाचे फायब्रोब्लास्ट वापरले आणि माध्यमही त्यानुसार बसवलं, तेव्हा पेशी किमान दोन महिने टिकल्या. थर काढून टाकून फक्त त्याचं वापरलेलं माध्यम दिलं तरी महिना निघाला, यावरून परिणामाचा मोठा भाग विरघळलेल्या द्रव्यांतून येतो असं दिसतं. थरावर एक महिना अधिक मिळाला. तो प्रत्यक्ष स्पर्शाचा वाटा असू शकतो.

असा थर करायचा तर गर्भाचं डोकं आणि आतले अवयव काढून उरलेल्या ऊतीचे तुकडे ट्रिप्सिनने सोडवायचे, १० टक्के सीरममध्ये वाढवायचे आणि सुरुवातीच्या पॅसेजमध्येच पुष्कळ नळ्या गोठवायच्या. म्हाताऱ्या फायब्रोब्लास्टचा थर विरळ होतो. विभाजन थांबवायला मायटोमायसिन-सी, १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., दोन ते चार तास. मग चार वेळा धुवायचं. धुण्यात कसूर झाली तर उरलेलं औषध नव्या पेशींना मारतं. वेळेत कसूर झाली तर थरातल्या काही पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि वरचं सगळं चित्र परत येतं. जिलेटिनवर दर चौरस सें.मी.ला सुमारे ५०,००० पेशी पसरून दुसऱ्या दिवशी वापरायचा. आठ-दहा दिवसांत थर जीर्ण होतो. प्रत्येक पॅसेज नव्या थरावर.

थराशिवायच्या पद्धतीत फायब्रोब्लास्टच्या थरावर माध्यम २४ तास ठेवून काढायचं, पेशींचे तुकडे सेंट्रिफ्यूजने बसवायचे, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळायचं आणि वाढघटक *ताजे* घालायचे. गाळण्याआधी घातलेला जीडीएनएफ गाळणीत आणि साठवणीत कमी होतो. दर दोन-तीन दिवसांनी निम्मं माध्यम बदलायचं.

पॅसेज करताना आधी ट्रिप्सिन नको. पुंजके थराला सैल चिकटलेले असतात, माध्यमाच्या हलक्या धारेने ते सुटतात आणि चपट्या पेशी मागे राहतात. ही एकच सवय शारीर पेशींची गर्दी बरीच कमी करते. मग त्या सुटलेल्या पुंजक्यांवर थोडा वेळ ट्रिप्सिन.

स्वजातीय थराची किंमत

उपाय बरोबर होता, पण त्याने एक सोय हिरावली. उंदराच्या थरावर गायीच्या पेशी असल्या की गायीपुरते प्रायमर (ठरावीक जनुकक्रम शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून कुठला आरएनए कुणाचा हे सांगता येतं. दोन्हीकडे गायच असेल तर ते जमत नाही, आणि चपटी पेशी थरातून आली की वृषणातून हेही कळत नाही. यावर स्वस्त उपाय आहे: थरासाठी मादी गर्भ निवडायचा. मग वाय गुणसूत्र असलेली प्रत्येक पेशी वृषणातलीच. प्रायमरचा एक जोड आणि गर्भाचं लिंग नोंदवण्याची शिस्त एवढंच लागतं.

दुसरी किंमत संसर्गाची. गायीच्या गर्भात आणि गर्भाच्या सीरममध्ये बोवाइन व्हायरल डायरियाचा विषाणू लपलेला असू शकतो. त्याचे काही प्रकार पेशींना दिसेल अशी इजा करत नाहीत. कल्चर फक्त ‘आजारी’ भासतं. प्रत्येक नव्या थराची पीसीआर तपासणी हवी, मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तर हवीच. शेळीचा गर्भ वापरणाऱ्याने ब्रुसेला जिवाणूच्या संसर्गाचं भान ठेवावं. तो माणसालाही होतो. गर्भाशय उघडण्याचं काम उघड्या बाकावर नको, जैवसुरक्षा कपाटात.

महाराष्ट्रात साहित्याचा प्रश्न आणखी वेगळा. २०१५ पासून राज्यात वळू आणि बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गोऱ्ह्याचं वृषण कत्तलखान्यातून मिळत नाही. शस्त्रक्रियेने खच्चीकरण केलं तरच ते हाती येतं, तेही प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीने. गावात चालणारं बर्डिझो चिमट्याचं खच्चीकरण इथे उपयोगाचं नाही. त्यात नाडी चेपली जाते आणि वृषण जागीच सुकतं. म्हणून इथे बोकड सोयीचा. भारतात २०१४ मध्ये शेळीच्या मूळपेशी सर्टोली पेशींच्या थरावर वाढवल्याचं प्रसिद्ध झालं आहे. पुलमनचा धडा घ्यायचा तर शेळीसाठी शेळीच्या गर्भाचा थर, रेड्यासाठी म्हशीच्या. गायीचा थर जसाच्या तसा उचलणं म्हणजे उंदराच्या पाककृतीचीच चूक पुन्हा करणं.

मूळपेशी आहेत हे कशावरून

पुंजका दिसला म्हणजे मूळपेशी आहेत असं नाही. अल्कलाइन फॉस्फटेजचा रंग नलिकेभोवतीच्या पेशीही घेतात, त्यामुळे तो एकटा काहीच सिद्ध करत नाही. किमान तीन प्रश्न विचारावेत, प्रत्येकाचं उत्तर पेशीवरच्या किंवा पेशीतल्या ठरावीक चिन्हांवरून मिळतं. जननपेशी आहे का: व्हासा. प्रारंभिक आहे का: पीएलझेडएफ (केंद्रकात दिसायला हवं, पेशीद्रवात पसरलेला रंग हा बहुधा प्रतिपिंडाचा दोष), यूसीएचएल-१, कुळथाचं लेक्टिन. आणि सर्टोली नाही ना: सॉक्स-९ नकारात्मक. आरएनएची पट्टी पुरेशी नाही, कारण शंभरात दोन जननपेशी असल्या तरी पट्टी उमटते. पेशीपेशीत रंग पाहून टक्केवारी काढावी, आणि ती प्रत्येक पॅसेजला.

खरी परीक्षा रुजण्याची. गोऱ्ह्याच्या पेशींसाठी ती रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात होते. बुसल्फान हे जननपेशी मारणारं औषध (सुमारे ४० मि.ग्रॅ. प्रति किलो) देऊन चार-सहा आठवड्यांनी उंदराची वृषणं रिकामी झाली की अपवाही नलिकेतून (वृषणातून शुक्राणू बाहेर नेणाऱ्या) साधारण १० मायक्रोलिटर पेशीद्रव सोडायचं. त्यात थोडा ट्रिपन ब्लू घातला की किती नलिका भरल्या ते डोळ्यांनी दिसतं. एक ते तीन महिन्यांनी गोजातीय जननपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने वसाहती मोजायच्या. उंदरात या पेशी तळपडद्यावर बसतात, साखळ्या करतात, पण शुक्राणू बनवत नाहीत. दोन प्रजातींत अंतर फार आहे. वसाहत दिसली की मूळपेशी होती एवढं कळतं. तिचा शुक्राणू होईल का, हे उंदीर सांगत नाही.

वळूत सोडण्याची पद्धत वेगळी. त्याचं रीटे टेस्टिस, म्हणजे सगळ्या नलिका जिथे येऊन मिळतात ते जाळं, वृषणाच्या मध्यावर असतं. अल्ट्रासाउंडने पाहत सुई तिथपर्यंत नेऊन द्रव हळू सोडतात. स्वतःच्या जननपेशी नसलेले यजमानही आता मिळू शकतात. जननपेशींसाठी लागणारं नॅनॉस-२ जनुक बंद केलेली डुकरं २०१७ मध्ये झाली. २०२० मध्ये ओटली यांच्या गटाने इतर संस्थांबरोबर डुकरं आणि बोकड यांच्यात दात्याच्या पेशींपासून शुक्राणू बनल्याचं दाखवलं. अशा जनावरांत नलिका शाबूत आणि सर्टोली पेशी जागेवर, फक्त भाडेकरू नाहीत. बुसल्फानची विषबाधाही टळते.

उंदरातल्या परीक्षेचा निकाल यायला महिने लागतात, आणि तोवर कल्चर तिसऱ्या-चौथ्या पॅसेजला जाऊन बदललेलं असतं. म्हणून ज्या दिवशी पेशी उंदरात जातात त्याच दिवशी, त्याच नळीतल्या उरलेल्या पेशी १० टक्के डीएमएसओत घालून, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. नळीवर पॅसेज क्रमांक, थराचा बॅच क्रमांक आणि थराच्या गर्भाचं लिंग, तिन्ही लिहायचं. निकाल चांगला आला आणि टाकीत फक्त पुढच्या पॅसेजच्या नळ्या सापडल्या, तर तो निकाल ज्या पेशींचा होता त्या संपलेल्या असतात.